दहा मिनिटांचा दाब: क्रीडावैद्यक शिकू लागलेल्यांसाठी

क्रीडावैद्यकाच्या अभ्यासात रक्ताभिसरणाचे प्रकरण अगदी सुरुवातीला येते आणि हृदयाचे चार कप्पे व झडपा पाठ झाल्या की बहुतेक जण पुढे सरकतात. मीही तसेच केले होते. त्या प्रकरणाचा उपयोग मला मैदानाच्या कडेला उभे राहू लागल्यावर कळला.

एका सामन्यात दोन खेळाडूंची डोकी आपटली आणि एकाची भुवई फाटली. मी हातमोजे चढवून जखमेवर गॉज दाबला खरा, पण रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाने तो उचलत राहिलो आणि प्रत्येक वेळी जखम पुन्हा भरून वाहू लागली. शेवटी संघाच्या ज्येष्ठ फिजिओथेरपिस्टने माझ्या हातावर आपला तळवा ठेवला आणि त्या म्हणाल्या, "आता जखमेकडे नाही, घड्याळाकडे बघ." दहा मिनिटांनी रक्त थांबलेले होते.

कारण पुस्तकातच होते. वाहिनी फाटली की रक्तपट्टिका तेथे चिकटून बूच तयार करतात आणि त्याभोवती फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी विणली जाते. ही जाळी कोवळी असतानाच गॉज उचलला तर ती गॉजबरोबर निघून येते. त्यात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लीटर रक्त ढकलणारे हृदय जोरदार व्यायामात २० लीटरच्याही पुढे जाते आणि तापलेल्या त्वचेतील वाहिन्या रुंदावलेल्या असतात, म्हणून ऐन खेळातली जखम अधिक वाहते. गॉज भिजला तर त्यावर दुसरा ठेवून दाब वाढवावा.

रोहिणीतून लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळते, नीलेतून गडद रक्त संथपणे वाहते आणि केशवाहिन्यांतून ते नुसते पाझरते. हे ओळखता यायला हवे, पण ओळखण्यात वेळ दवडू नये, कारण पहिला उपाय थेट दाब हाच आहे. हातापायाचा जोरदार रक्तस्राव दाबाने आटोक्यात येत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, सांधा टाळून, टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा) आवळावे, वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते सैल करू नये. जखमेत रुतलेली वस्तू उपसू नये. नाकातून रक्त आल्यास खेळाडूला पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे चिमटीत धरावा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक मला नाडीच्या बाबतीत दिसते. तंदुरुस्त शरीर रक्त कमी झाल्यावरही वाहिन्या आकुंचित करून आणि ठोके वाढवून रक्तदाब बराच काळ टिकवून धरते, त्यामुळे रक्तदाब घसरेपर्यंत थांबणे धोक्याचे असते. ज्या धावपटूची विश्रांतीची नाडी ४५ आहे, त्याची नाडी खेळ थांबून बराच वेळ झाल्यावरही ९० असेल, तर ती कागदावर सामान्य दिसली तरी त्याच्यासाठी दुप्पट असते. सोबत त्वचा फिकट व थंडगार असेल किंवा तो अस्वस्थ झाला असेल, तर त्याला आडवे करून तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. म्हणून संघाबरोबर काम सुरू करताच प्रत्येक खेळाडूची सकाळी उठल्याबरोबरची नाडी मोजून वहीत नोंदवावी आणि ती वही प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवावी.