स्लाइडवरून आकडा काढताय? मग या चुका टाळा

टिश्यूच्या रंगवलेल्या स्लाइडवरच्या पेशी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असा की ते कधीच 'मला जमत नाही' म्हणत नाही. घडी पडलेली स्लाइड द्या, धूसर स्कॅन द्या, पेनने गोल केलेली द्या, थोड्या वेळात टक्केवारी हजर. आणि एकदा आकडा एक्सेलमध्ये गेला की स्लाइड परत कोण बघतंय!

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे तपकिरी दिसलं (प्रोटीन दाखवणारा रंग तपकिरी असतो) की पॉझिटिव्ह मोजायचं. फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं पीडी-एल१ हे प्रोटीन घ्या. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासाठी टीपीएस हा स्कोअर बघतात, म्हणजे जिवंत ट्यूमर पेशींपैकी किती टक्के पेशींच्या मेम्ब्रेनला रंग आलाय, आणि कटऑफ आहेत १% आणि ५०%. आता मॅक्रोफेजही (रोगप्रतिकारक पेशी) पीडी-एल१ने मस्त रंगतात पण टीपीएसमध्ये ते धरायचे नसतात (सीपीएस या दुसऱ्या स्कोअरमध्ये धरतात, इथे बरेच जण गोंधळतात), वर फुप्फुसात साचलेली काजळी असते, मेलानोमा असेल तर मेलानिन, आणि हे सगळं अल्गोरिदमला सारखंच गडद दिसतं. समजा खरा आकडा ४४ आणि मॅक्रोफेज धरून ५८ झाला, तर तो पेशंट औषधाच्या ट्रायलच्या चुकीच्या गटात गेला की हो! उपाय कंटाळवाणा आहे पण आहे: पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरचा भाग आखून घ्या, नेक्रोसिस (मेलेला भाग) वगळा, आणि क्यूपाथ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्टेन व्हेक्टर (कुठला रंग कसा ओळखायचा याची सेटिंग) डिफॉल्टवर न सोडता आपल्याच स्लाइडवरून सेट करा. शंभरपेक्षा कमी ट्यूमर पेशी असतील तर टीपीएस देऊच नका.

बाय द वे, डीएबी (हाच तो तपकिरी रंग) किती गडद आहे यावरून प्रोटीन नेमकं किती आहे ते ठरवू नका, तो रंग तसा प्रमाणात चढत नाही.

दुसरी चूक लॅबमध्येच झालेली असते, आपल्यापर्यंत फक्त तिची इमेज येते. स्तनाच्या टिश्यूसाठी फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास हा नियम आहे, कापल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवं, आणि ट्रायल वीस हॉस्पिटलांत चालू असेल तर सगळीकडे हे पाळलं जातंच असं नाही. आमच्याकडे एकदा औषधाआधीच्या बायोप्सी एका बॅचमध्ये रंगवल्या होत्या आणि औषधानंतरच्या दुसऱ्या, फरक बघून सगळे खूश, नंतर कंट्रोल स्लाइड (रंग नीट चढला का ते तपासायच्या) काढून बघितल्या तर दुसरी बॅचच फिकी होती. तेव्हापासून एका पेशंटच्या आधीच्या आणि नंतरच्या स्लाइड एकाच रनमध्ये, कंट्रोलसकट.

मॉडेल ट्रेन करणाऱ्यांनी ट्रेन-टेस्ट भाग पेशंटवार करा, पॅचवार (स्लाइडच्या छोट्या तुकड्यांनुसार) नाही, नाहीतर एकाच पेशंटचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि ॲक्युरसी उगाच फुगते. स्कॅन कुठला २०एक्स, कुठला ४०एक्स असेल तर पिक्सेल साइज आधी तपासा.

आणि केआय-६७ (विभाजन होत असलेल्या पेशींची खूण)! सगळ्यात गडद भागात मोजायचं की पूर्ण सेक्शनची सरासरी घ्यायची, हे डेटा उघडायच्या आधी लेखी ठरवा. दोन्हींत आकडा बराच बदलतो, नंतर ठरवलं तर सोयीचा निवडला जाणारच. ॲबेमासिक्लिब या स्तनाच्या कॅन्सरच्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत किमान २०% केआय-६७च्या अटीवर मंजुरी मिळाली होती, ती अट २०२३ मध्ये काढली.

रिपोर्ट पाठवण्याआधी कुठल्याही वीस स्लाइडचा ओव्हरले (सॉफ्टवेअरने इमेजवर केलेल्या खुणा) उघडून बघा, सॉफ्टवेअरने नक्की कशाला पेशी म्हटलंय ते. पहिल्यांदा बघाल तेव्हा निदान एका स्लाइडवर तरी धुळीचा कण पॉझिटिव्ह निघेल.