मिनेस्ट्रोने घरी करताना या चुका टाळा

सूप पाणचट झालं, राजमा दाताखाली कचकचला, पालक काळपट पडला, पास्त्याचा लगदा झाला. मिनेस्ट्रोनेबद्दल याच चार तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात, आणि चारही मी माझ्याच पातेल्यात पाहिल्या आहेत. थंडी सुरू झाली की आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी हे सूप होतं. इतक्या खेपांनंतर माझं मत पक्कं झालंय: भाज्या चांगल्या असूनही सूप बिघडलं, तर नव्वद टक्के वेळा क्रम चुकलेला असतो. कोण आधी जाणार आणि कोण नंतर, यावरच सगळं अवलंबून आहे.

इटालियनमध्ये ‘मिनेस्त्रा’ म्हणजे सूप, आणि शेवटचा ‘ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. म्हणजे मोठं, भरभक्कम, पोटभरीचं सूप. जेवणाआधी कपातून प्यायचं ते हे नव्हे. याची एकच एक अशी कृती नाही. जेनोआत वरून पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी, घालतात, मिलानकडे पास्त्याऐवजी तांदूळ घालतात आणि उन्हाळ्यात ते कोमटच वाढतात. हंगामात जे मिळेल ते पातेल्यात जातं. आपली भोगीची लेकुरवाळी भाजी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण भाज्यांची मोकळीक आहे म्हणून करण्याच्या पद्धतीचीही आहे असं समजलं की गडबड सुरू होते.

सोफ्रित्तोला घाई करणं

कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात सावकाश परतायची, याला सोफ्रित्तो म्हणतात. सुपाची निम्मी चव इथेच ठरते. आपला हात मात्र फोडणीला सरावलेला. तेल कडकडीत तापवायचं, चर्र आवाज आला पाहिजे, कांदा गुलाबी झाला पाहिजे. इथे ती सवय बाजूला ठेवा. तेल नुसतं गरम असताना भाज्या घाला, वर चिमूटभर मीठ टाका म्हणजे पाणी सुटेल, आणि आच अगदी मंद करा. आवाज हलका चुरचुर असा यायला हवा. कांदा गुलाबी व्हायच्या आधी, पारदर्शक असतानाच थांबायचं आहे.

मी चार-पाच माणसांसाठी एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचे दोन दांडे आणि तीन मोठे चमचे तेल घेते. याला पंधरा मिनिटं लागतातच, कधी वीसही. घड्याळापेक्षा तेलाकडे बघा. सुरुवातीला ते हिरवट-पिवळं असतं, मग गाजराचा रंग त्यात उतरतो आणि कडेने सुटणारं तेल केशरी दिसायला लागतं. कांद्याचा कच्चा, नाकात जाणारा वास मरून गोडसर वास आला की सोफ्रित्तो तयार. तळाला लागायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपडा. लसूण अगदी शेवटच्या मिनिटाला, दोनच पाकळ्या. आधी घातला तर तो करपतो, आणि तो कडवटपणा मग कशानेही जात नाही.

सेलरी मिळाली नाही तर गाजर थोडं वाढवा आणि पार्सलीच्या काड्या बारीक चिरून घाला. तिच्या जागी ओवा मात्र घालू नका. वास जवळचा वाटतो खरा, पण ओव्यातल्या थायमॉलचा उग्रपणा सगळ्या सुपावर बसतो.

राजमा आणि टोमॅटो एकत्र शिजवणं

एकदा घरी पाहुणे यायचे होते. वेळ वाचेल म्हणून मी अर्धवट शिजलेला राजमा आणि चिरलेले टोमॅटो एकदमच पातेल्यात घातले. दीड तास उकळूनही राजम्याचं साल कडकच. आत पिठूळ, बाहेर चिवट. कारण सरळ आहे. दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या संगतीत दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो. शेवटी झाऱ्याने राजमा वेचून काढला, साध्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून कुकरला तीन शिट्ट्या दिल्या आणि परत सुपात टाकला. तुमच्यावर ही वेळ आली तर हाच उपाय करा. सोडा मात्र खरंच चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

इटलीत या सुपासाठी बोर्लोत्ती किंवा कान्नेल्लिनी हे राजम्याचेच प्रकार वापरतात. बोर्लोत्तीच्या जवळचा म्हणजे आपला ठिपक्यांचा चित्रा राजमा. चवळी घातली तरी अजिबात चुकीचं नाही. राजम्याचे सगळे प्रकार कोलंबसानंतर अमेरिकेतून युरोपात गेले. त्याआधी इटलीत चवळी खात होते.

एक वाटी राजमा रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास, भिजवा. भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठाने दाणा कडक होतो असं आपण ऐकत आलोय, पण भिजवताना घातलेलं मीठ उलट साल मऊ करतं. सालीतल्या कॅल्शियमची जागा मिठातलं सोडियम घेतं आणि सालीची पकड सैल होते. बोअरच्या जड पाण्यात राजमा शिजत नाही तोही याच कॅल्शियममुळे, तेव्हा फिल्टरचं पाणी घ्या. आणि डब्यात दोन-तीन वर्षं पडून असलेला राजमा असेल तर त्याच्या नादी लागू नका, तो कितीही शिजवला तरी चिवटच राहतो.

भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, शिजवलेलं पाणी ठेवायचं. यात गल्लत करू नका. शिजवलेल्या दाट पाण्यातच सुपाचं अंग असतं.

आणि हे मनावर घ्याच: कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते नष्ट व्हायला राजमा निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. कुकरमध्ये ते होतंच. पण हल्ली परदेशात राहणारी आपली मंडळी स्लो कुकर वापरतात, त्यात कमी आचेवर कच्चा राजमा टाकणं धोक्याचं आहे. उलट्या-जुलाबापर्यंत गोष्ट जाते. आधी गॅसवर उकळा, मग स्लो कुकरमध्ये घाला.

सगळ्या भाज्या एकदम टाकणं

सोफ्रित्तो झाला की दीड लिटर पाणी. त्यात बटाटा, फरसबी आणि जाडसर चिरलेला कोबी. दहा मिनिटांनी बटाटा अर्धाकच्चा असताना दोन-तीन टोमॅटो आणि शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासकट. टोमॅटो थांबवून ठेवायचे, कारण आंबटात बटाटाही अडून बसतो. मग मंद आचेवर वीस मिनिटं. त्यानंतर झुकिनी आणि मटार, आठ-दहा मिनिटं. झुकिनी नसेल तर कोवळा दुधी छान लागतो. पालक सगळ्यात शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. हिरव्या भाज्या आंबट रसात जास्त वेळ राहिल्या की त्यांचा रंग मेंदीसारखा मळकट होतो, म्हणून पालक घातल्यावर झाकणही ठेवू नका.

मीठ दोन-तीन टप्प्यांत घाला. सुरुवातीलाच पूर्ण घातलं आणि सूप आटलं की खारट होणारच.

कॉर्नफ्लोअरने दाट करणं

हॉटेलातल्या सुपाची सवय म्हणून हात कॉर्नफ्लोअरकडे जातो. माझी कळकळीची विनंती आहे, नको. त्याने बुळबुळीत, चकचकीत दाटपणा येतो आणि चव दबते. शिजलेल्या राजम्यातली एक वाटी डावाच्या पाठीने चेचा, बटाट्याच्या चार फोडी पातेल्याच्या कडेला दाबा आणि ढवळा. पाच मिनिटांत सूप मिळून येतं. सगळं मिक्सरमधून काढायचं नाही, कारण प्रत्येक भाजी चमच्यात ओळखू आली पाहिजे. केचपही नको. त्यातली साखर आणि व्हिनेगर लपत नाहीत. टोमॅटो फार आंबट निघाले तर एखादं गाजर किसून घाला, तेवढं पुरतं.

नावावरून फसणं

कृतीत ‘बे लीफ’ दिसलं की आपण डब्यातलं तमालपत्र टाकतो. ही दोन वेगळी झाडं आहेत. तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन शिरा उभ्या धावतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. इटलीतल्या पानाला मधोमध एकच शीर असते, वास निलगिरीच्या अंगाचा. तमालपत्राने सुपाला पुलावाची आठवण येते. खरं पान नसेल तर काहीच घालू नका. तसंच बेसिल आणि आपली अंगणातली तुळस. दोघी बहिणी, पण तुळशीचा तिखट, लवंगेसारखा वास इथे जुळत नाही. बेसिलच्या अधिक जवळची म्हणजे सब्जाची पानं. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी.

पार्मिजानो चीजचं टणक साल सुपात उकळून काढायची पद्धत आहे आणि त्याने चव खरंच खोल होते. पण काटेकोर शाकाहारी वाचकांनी लक्षात घ्या, पार्मिजानो रेज्जानो बनवताना वासराच्या पोटातलं, दूध फाडणारं रेनेट वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ते सोडून द्यावं. वाढताना वरून चांगल्या ऑलिव्ह तेलाची धार सोडा, उणीव भासणार नाही. आपलं प्रक्रिया केलेलं चौकोनी चीज सालाच्या जागी उकळू नका, ते विरघळून सूप गढूळ होतं.

पास्ता पातेल्यात सोडून देणं

पास्ता सुपात शिजवला आणि सूप उरलं, तर सकाळी पातेल्यात रस दिसतच नाही. पास्ता रात्रभर पाणी पीत राहतो आणि फुगून मऊ पडतो. दितालिनीसारखा बारीक पास्ता वेगळा, मिठाच्या पाण्यात, किंचित कच्चट शिजवा आणि ज्याच्या त्याच्या वाडग्यात घालून वर सूप ओता. लगेच संपणार असेल तरच पातेल्यात घाला. तांदळाचंही तसंच.

गॅस बंद केल्यावर निदान पंधरा मिनिटं सूप तसंच राहू द्या. उकळतं सूप जिभेला नुसतं गरम लागतं, भाज्यांची चव कळत नाही. पेस्तो घालायचा असेल तर तोही आच बंद झाल्यावर, कारण उकळला की बेसिल काळं पडतं.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरलेलं आणि अधिक दाट असतं. तस्कनीत अशा शिळ्या सुपात शिळ्या पावाचे तुकडे घालून पुन्हा उकळतात, त्याला रिबोल्लिता म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘पुन्हा उकळलेलं’. त्यासाठी पाव जाड सालीचा आणि दोन दिवसांचा लागतो. लादीपाव घातला तर त्याची पेज होते.