कॉम्प्युटरवरच्या पाइप ऑर्गनला रिव्हर्ब लावताना या चुका टाळा

लॅपटॉप, मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड) आणि ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर गावातल्या चर्चमध्येही पाइप ऑर्गन वाजू शकतो. आवाज कोरडा वाटला की रिव्हर्ब, म्हणजे सूर थांबल्यावरही मागे रेंगाळणारी घूम, चढवला जातो, आणि तिथूनच बिघडतं: सूर एकमेकांत मिसळतात, गाणारे मागे पडतात, पेडलचा, म्हणजे पायाने वाजवायच्या खालच्या सुरांचा, नुसता घूं-घूं ऐकू येतो. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. रिव्हर्ब आधीच कुठून तरी येत असतो आणि त्यावर आपण आणखी एक थर देतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वेट सॅम्पल सेटवर रिव्हर्ब. सॅम्पल सेट म्हणजे खऱ्या ऑर्गनच्या एकेका पाइपचं रेकॉर्डिंग. वेट सेटमध्ये त्या मूळ चर्चची घुमही रेकॉर्ड झालेली असते, ड्राय सेटमध्ये ती जवळजवळ नसते. ओळखायला सोपं आहे. रिव्हर्ब पूर्ण बंद करा, हेडफोन लावा, एक स्टॉप (एका प्रकारच्या पाइपांचा संच चालू करणारी खुंटी) ओढा, तीन-चार सुरांचा कॉर्ड धरा आणि झटकन हात उचला. आवाज अर्ध्या सेकंदात संपला तर सेट ड्राय आहे. दोन-तीन सेकंद विरत राहिला तर सेट वेट आहे, त्याला वरून काही लावू नका. ग्रँडऑर्गमध्ये रिलीजची, म्हणजे हात उचलल्यानंतरच्या आवाजाची, शेपटी छोटी करता येते, तीच आधी कमी करून पाहा. लहान हॉलसाठी ड्राय किंवा सेमी-ड्राय सेटच घ्यावा, कारण वेट सेटमधली घूम पूर्णपणे काढता येत नाही.

दुसरी चूक रिकाम्या हॉलमध्ये सेटिंग करण्याची, आणि नुकसान हिच्यामुळेच जास्त होतं. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच, गिलावा केलेल्या भिंती, फरशी आणि वर स्लॅब, असा हॉल धरा. घनफळ २८८ घनमीटर. घुमण्याचा काळ सॅबिनच्या सूत्राने निघतो: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. सगळे पृष्ठभाग मिळून २८८ चौरस मीटर होतात. ते सरासरी ३ टक्के आवाज शोषतात असं धरलं तर दारं-खिडक्या बंद असताना रिकामा हॉल ५ सेकंदांहून जास्त घुमतो. १२ चौरस मीटर खिडक्या उघडा, तोच काळ २.३ सेकंदांवर येतो, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आता ६० माणसं येऊन बसली, प्रत्येकाचं शोषण साधारण ०.४५ चौरस मीटर, तर काळ १ सेकंद उरतो. हेच नाताळच्या थंडीत खिडक्या लावून घेतल्या तर १.३ सेकंद.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी मोकळ्या हॉलमध्ये 'बरोब्बर' वाटलेला रिव्हर्ब रविवारी कमी पडतो, आणि भरलेल्या हॉलसाठी लावलेला सरावाला चिखल करतो. दोन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवा. सुरुवात सरावाला रिव्हर्ब पूर्ण बंद ठेवून करा, उपासनेला १.५ ते २ सेकंदांचा रिव्हर्ब मूळ आवाजापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली ठेवा आणि मधल्या बाकावर कुणाला तरी बसवून शब्द कळतात का ते विचारा. ६-७ सेकंदांची मोठी कॅथेड्रल घूम हेडफोनवर सुंदर वाटते, पण मंडळीच्या गाण्याला ती चालत नाही.

आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो का? मग मूळ आवाज दोनदा जातोय. रिव्हर्बसाठी जी इम्पल्स रिस्पॉन्स फाइल (एखाद्या जागेच्या घुमेचं रेकॉर्डिंग) लावतात, तिच्या सुरुवातीला थेट आवाजाचा ठोका असतो, आणि सॉफ्टवेअरही कोरडा आवाज वेगळा पाठवतं. दोन्ही काही मिलिसेकंदांच्या अंतराने भेटले की काही स्वर एकमेकांना खातात. फाइल ऑडिओ एडिटरमध्ये उघडा. पहिला उंच ठोका आणि त्यामागे गवतासारख्या बारीक, विरत जाणाऱ्या रेघा असं चित्र दिसेल. ठोका कापून फाइल पुन्हा लावा, किंवा सुरुवातीचा ऑफसेट वाढवा.

बास गढूळ होत असेल तर रिव्हर्बच्या वाटेवर ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) टाका. १६ फुटी स्टॉपचा सर्वात खालचा सी ३२.७ हर्ट्झचा असतो. त्याला लहान खोली स्वतःच पुरेसं घुमवते.

वाजवता वाजवता कड-कड येणं हा आपल्याकडचा उन्हाळी आजार. पारा ४५ वर गेला की लॅपटॉप तापून प्रोसेसरचा वेग स्वतःच कमी करतो. आणि लाइन गेली की बॅटरीवर येऊन आणखी मंदावतो. रिव्हर्बचं गणित सतत चालू असतं, म्हणून तडा आधी तिथेच जातो. विंडोजमध्ये चार्जरवरची आणि बॅटरीवरची पॉवर सेटिंग वेगळी असते, दोन्हीकडे पूर्ण कार्यक्षमता निवडा. लॅपटॉप टेबलक्लॉथवर ठेवू नका, खाली हवा खेळू द्या. कूलरचा ओलसर झोतही थेट त्यावर नको. तरी कड-कड राहिली तर बफर (आवाज पाठवण्याआधी साठवायच्या नमुन्यांची संख्या) २५६ वरून ५१२ करा. ४८ किलोहर्ट्झवर विलंब ५.३ वरून १०.७ मिलिसेकंद होतो, तो बोटांना सहन होतो. त्यापुढे बफर वाढवण्यापेक्षा रिव्हर्बची फाइल छोटी करा.

सगळे स्टॉप ओढल्यावर आवाज फाटत असेल तर ती मात्र क्लिपिंग आहे, म्हणजे आवाज कमाल मर्यादेबाहेर जाऊन कापला जातोय. दोन्ही हातांनी आणि पायांनी भरगच्च कॉर्ड धरा, घूम पूर्ण साचू द्या, आणि मीटर शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील इतका मुख्य आवाज उतरवा.

शेवटी मिक्सर. साउंडवाले 'इको' म्हणून जो नॉब फिरवतात तो बहुधा गायकांच्या माइकसाठी असतो, पण ऑर्गनच्या चॅनलवरही तो थोडा उघडा राहतो. इको म्हणजे तोच आवाज तुटक पुन्हा येणं. ऑर्गनच्या सलग सुराला त्याने फक्त अडथळा होतो. ऑर्गनच्या चॅनलवर तो शून्यावर आणा. स्पीकर एकच असेल तर इम्पल्स फाइलही मोनो घ्या, नाहीतर डाव्या-उजव्या बाजू एकत्र होताना घुमेचा काही भाग एकमेकांत विरून जातो. आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद आहेत का तेही बघा. आवाज समान करणारी सोय चालू असली की हात उचलल्यावर विरत जाणारी घूम पुन्हा वर चढते.