खान्देशच्या उन्हात छोटा गेमिंग पीसी: आधी गरमीचा हिशोब, मग वायरी

छोट्या गेमिंग पीसीचे जे व्हिडिओ आपण बघतो ना, त्यात टेस्टिंगची खोली २०-२२ डिग्रीची असते. आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ च्या आसपास, अन् स्लॅबखालच्या खोलीत दुपारी सहज ३८. सगळा फरक इथंच पडतो भो. कारण फॅन कितीही महागडा लावा, तो खोलीतल्या हवेपेक्षा गार काहीच करू शकत नाही, पार्ट हवेपेक्षा किती वर जातो तेवढंच त्याच्या हातात. म्हणजे २२ च्या खोलीत ज्याचा प्रोसेसर ७० दाखवतो तोच पीसी इथं ३८ च्या खोलीत ८६ च्या घरात जाणार. म्हणून आपला पीसी डिसेंबरच्या थंडीत बसून नाही, मे महिन्याची दुपार डोक्यात ठेवून ठरवायचा.

तर पहिले केस (म्हणजे पीसीचा डबा) निवडू नका, पहिले वॅट मोजा. सगळे उलटं करतात, इन्स्टावर छान छोटी केस दिसली की ऑर्डर, मग त्यात काय मावतं ते शोधत बसतात. प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतला तर तो जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो. ग्राफिक कार्डात आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, ५०६० चे १४५, ४०६० टीआयचे १६०, ४०७० चे २००, अन् ५०७० थेट २५०. यात बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन यांचे अजून ४०-५० धरा. जेवढे वॅट आत जातात तेवढीच गरमी बाहेर येते, मधे कुठं गायब होत नाही, अन् ती तुमच्याच खोलीत येते. ३०० वॅटचा पीसी बंद खोलीत चार तास चालवला की खोली पण तापते अन् मग तीच तापलेली हवा परत पीसी ओढतो. माझं मत स्पष्ट आहे, एसी नसेल तर ग्राफिक कार्ड १६० वॅटच्या आत ठेवा. १४४० पी रिझोल्यूशनला सगळं अल्ट्रा सेटिंगवर खेळायचंय असा हट्ट असेल तर केस मोठी घ्या, उगाच दहा लिटरच्या (केसचा आकार लिटरमध्येच मोजतात) डब्यात ५०७० कोंबून त्याचं भरीत करू नका.

आता केस. आपल्या हवेला १५ ते २० लिटर हा बरा आकडा आहे. कूलर मास्टरचा एनआर२०० साधारण १८ लिटरचा, त्या टाइपचं काहीही चालेल. त्यात खालून हवा आत, वरून बाहेर असा सरळ रस्ता मिळतो अन् प्रोसेसरचा उंच टॉवर कूलर पण बसतो. सँडविच टाइप केस, म्हणजे बोर्ड एका बाजूला अन् कार्ड रायझर केबलवर (बोर्डाचा स्लॉट अन् कार्ड जोडणारी चपटी वायर) दुसऱ्या बाजूला, त्या दिसायला भारी अन् कार्डाला जाळीतून थेट ताजी हवा मिळते, पण प्रोसेसरवर ५०-६० एमएमचाच कूलर बसतो, आणि तिथंच मे महिन्यात घाम फुटतो. काचेचं पॅनल नको, जाळीचं घ्या. रंगीत आरजीबी लाइट बघायचीच असेल तर कीबोर्डवर बघा.

घेण्याआधी केसच्या स्पेसिफिकेशनमधले तीन आकडे कागदावर लिहून काढा: कार्डाची लांबी, कार्डाची जाडी, कूलरची उंची. पुढं फॅन लावणार असाल तर लांबीतून २५ एमएम वजा करा. कार्डाच्या जाडीत दुकानदार 'दोन स्लॉट' म्हणून देतो अन् घरी मोजलं तर निघतो अडीच, म्हणून एमएममध्येच विचारा. साइड पॅनल लावल्यावर पॉवर कनेक्टरला वळायला जागा उरते का ते पण बघा. नवीन १६ पिनवाल्या केबलला कनेक्टरपासून निदान ३५ एमएम सरळ जाऊ द्यायचं असतं, तिथंच मुरडली तर कनेक्टर तापून जळू शकतो.

बोर्ड मिनी आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० एमएम, कार्डाचा स्लॉट एकच अन् रॅमचे दोन. हा बोर्ड मायक्रो एटीएक्सपेक्षा महाग पडतो हे आधीच सांगतो. बजेट टाइट असेल तर गुपचूप मायक्रो एटीएक्स अन् २५-३० लिटरची केस घ्या, टेबलावर चार बोटं जास्त जागा जाईल पण वाचलेल्या पैशात कार्ड एक पायरी वरचं येईल. खरेदीचं म्हणाल तर जळगावच्या गोलाणी मार्केटला रॅम, एसएसडी, मॉनिटर, साधे बोर्ड मिळून जातात, पण आयटीएक्स बोर्ड अन् एसएफएक्स (छोट्या साइजचा) पॉवर सप्लाय सहसा कोणी स्टॉकला ठेवत नाही, ते मागवावे लागतात, ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. बिल जीएसटीचं, अन् त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर छापून घ्या, वॉरंटीला पार्ट कुरिअरनं बाहेरगावी पाठवायची वेळ आली की तोच कागद कामाचा.

पॉवर सप्लायवर जरा थांबतो कारण इथं लोक सर्वात जास्त वाचवायला बघतात. एसएफएक्स म्हणजे १२५ बाय ६३.५ बाय १०० एमएम. फुल मॉड्युलरच घ्या, म्हणजे सगळ्या वायरी काढता-लावता येणारा, नको त्या वायरी डब्यातच राहतील. वर सांगितलेल्या पीसीला ५५०-६५० वॅट भरपूर. पण एक ओळ कोणी वाचत नाही, ती म्हणजे सप्लायचं रेटिंग किती डिग्रीला दिलंय. काही ४० डिग्रीला पूर्ण वॅट देतात, काही ५० ला. आपल्याला ५० वालाच पाहिजे, कारण केसच्या आत ४० हे आपलं सुरुवातीचं टेम्परेचर आहे. अन् ८० प्लस गोल्ड-ब्राँझचा (वीज किती कमी वाया जाते याचा) जो स्टिकर असतो त्याचं टेस्टिंग २३ डिग्रीच्या आसपास होतं, त्यामुळे नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. आणि कान उघडे ठेवून ऐका, एका सप्लायच्या मॉड्युलर वायरी दुसऱ्या सप्लायला कधीच लावायच्या नाहीत, अगदी फिट बसल्या तरी. सप्लायकडच्या बाजूचा पिनआउट, म्हणजे कुठली पिन कशाची ते, कंपनीगणिक वेगळा असतो, बटण दाबलं की एसएसडी, बोर्ड, जे लावलं असेल ते जातं.

कूलर: एनआर२०० टाइप केसमध्ये १५५ एमएमपर्यंतचा टॉवर कूलर घ्या. ७६०० सोबत डब्यात जो छोटा कूलर येतो तो हिवाळ्यात चालून जातो, उन्हाळ्यात नुसता बोंबलतो. लिक्विड कूलर बसतो, पण मी सुचवणार नाही, पंप गेला तर इथं दुरुस्ती नाही, अख्खं युनिट पाठवा अन् पीसी बंद ठेवून बसा.

चला, जोडायला घेऊ. बोर्डाच्या खोक्यावरच बोर्ड ठेवा अन् प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कूलर सगळं बाहेरच लावून घ्या. बऱ्याच आयटीएक्स बोर्डांना दुसरा एसएसडी स्लॉट मागच्या बाजूला असतो, तो एकदा बोर्ड केसमध्ये गेला की हात पोचत नाही, म्हणून वापरायचा असेल तर आत्ताच. ७६०० ज्या एएम५ बोर्डावर बसतो त्यात पिना सॉकेटमध्ये असतात, बोट लागू देऊ नका, वाकली की संपलं. थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी बस. मग सप्लाय टेबलावरच जोडून एकदा चालू करून बघा. डीडीआर५ ची पहिली सुरुवात फार हळू असते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, घाबरून बटण दाबत बसू नका. (अन् नेमकी तेव्हाच लाइट जाते, हा पण खान्देशचा नियमच.) बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा स्क्रीन) दिसलं की बंद करा अन् मगच केसला हात लावा.

केसमध्ये पहिले सप्लाय, अन् बोर्ड आत टाकायच्या आधी प्रोसेसरची ८ पिनवाली वायर मागून वरच्या कोपऱ्यात आणून ठेवा, टॉवर कूलर बसल्यावर तिथं बोट जात नाही. फ्रंट पॅनलच्या त्या बारीक पिना, यूएसबी, फॅनच्या वायरी हे सगळं कार्डाआधी. कार्ड एकदम शेवटी. रायझरवाली केस असेल अन् रायझर जेन ३ चा (जुन्या, कमी स्पीडच्या पिढीचा) असेल तर कार्ड लावायच्या आधी बायोसमध्ये स्लॉट जेन ३ करून ठेवा, नाहीतर स्क्रीन काळी येते अन् आपण कार्डाला दोष देत बसतो.

वायरींचं तत्त्व एकच, जिथून हवा जात नाही तिथं वायर राहील. छोट्या केसमध्ये मागं लपवायला जागाच नसते, त्यामुळे आधी वायर कमी करा, मग लपवा. वायरीनं जोडायच्या साटा एसएसडीच्या जागी थेट बोर्डात बसणारी एम.२ एसएसडी घेतली की दोन वायरी तिथंच गेल्या. फॅन एकमेकांना जोडता येणारे घेतले की बोर्डाकडे एकच वायर जाते. २४ पिनवाली वायर सर्वात जाड अन् सर्वात हट्टी, तिला हातानं हळूहळू बोर्डाच्या कडेकडे वळण द्या, उरलेली लांबी सप्लाय अन् पुढच्या पॅनलच्या मधल्या मेलेल्या जागेत घडी करून घाला. खालच्या फॅनसमोर किंवा कार्डाच्या पंख्याखाली गुंडाळी ठेवली की मग कूलिंगवर केलेला खर्च पाण्यात. बांधायला वेल्क्रो पट्टी घ्या. प्लॅस्टिकची टाय कापली की टोक ब्लेडसारखं उरतं, अन् पुढच्या वेळी उघडताना तीच कापताना भलतीच वायर कापली जाते. शेवटी प्रत्येक फॅन हातानं फिरवून बघा, कुठं वायर घासत नाही ना.

फॅन कुठल्या बाजूनं फुंकतो हे ओळखायला सोपं आहे, ज्या बाजूला फ्रेमच्या आडव्या काड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. तरी शंका असली तर उदबत्ती लावून जाळीसमोर धरा, धूर बठ्ठं सांगून टाकतो. खालून दोन आत, वरून एक-दोन बाहेर, आणि बाहेरच्यांचा स्पीड आतल्यांपेक्षा जरा कमी. असं केलं की केसमध्ये हवेचा दाब थोडा जास्त राहतो अन् धूळ फटीफटीतून न घुसता फिल्टरमधूनच येते. केसचे पाय बुटके असतील तर खाली अजून दोन-तीन सेंटीमीटर उंची द्या, अन् गादीवर, गालिच्यावर, बंद कपाटात तर ठेवूच नका.

आता डेझर्ट कूलरचा मुद्दा, जो कुठल्याच व्हिडिओत नसतो. आपली हवा कोरडी, म्हणून कूलरनं खोली चांगली उतरते अन् पीसीला पण त्याचा फायदा होतो, खिडकी मात्र उघडी पाहिजे. पण पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही. झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, बोअरच्या खारट पाण्याचे असतील तर हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर बसतो, अन् ओली धूळ सुकली की ब्रशनं पण निघत नाही. पीसी बाजूच्या भिंतीला, झोताच्या बाहेर. एक फायदा असाय की कूलरच्या घरघरीत पीसीचा आवाज कोणाला ऐकू येतो, म्हणून उन्हाळ्याचा फॅन कर्व्ह (किती डिग्रीला किती स्पीड ते) वेगळा सेव्ह करून ठेवा, ७० डिग्रीलाच ८० टक्के स्पीड द्या बिनधास्त.

सॉफ्टवेअरमध्ये फुकटात सर्वात जास्त गरमी कमी होते, त्यामुळे हे चुकवू नका. बायोसमध्ये इको मोड लावला की ७६०० हा ८८ वरून ६० वॅटच्या आसपास येतो, गेममध्ये फरक जेमतेम. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, अजून खटपट करायची असेल तर व्होल्टेजचा कर्व्ह खाली घ्या. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेम १४० ला बांधून टाका, व्हॅलोरंटसारख्या गेमला ३०० फ्रेम काढून नुसतं खोली तापवणं होतं.

मग टेस्ट, आणि ती दुपारी दोन-तीनला, रात्री नाही. टेम्परेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर उघडा अन् रोज जो गेम खेळता तोच सर्वात जड, अर्धा-पाऊण तास चालवा. ७६०० ची लिमिट ९५ आहे, गेममध्ये ८५ च्या आत राहिला तर झोपा निवांत. कार्ड ८० च्या आसपास चालेल. साइड पॅनल काढून परत बघा, सात-आठ डिग्रीपेक्षा जास्त फरक पडू राहिला तर हवेचा रस्ता कुठंतरी अडलाय, खालची जाळी अन् वायरींची गुंडाळी पहिले तपासा.

लाइटचं पण बघून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, गेम चालू असताना लाइट गेली की तोच बंद पडायची भीती. निदान १००० व्हीए, अन् जमलं तर प्युअर साइन वेव्ह, कारण काही पॉवर सप्लायना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह पचत नाही अन् पीसी फटकन रिस्टार्ट होतो. केसला हात लावल्यावर झिणझिण लागत असेल तर पीसी खराब नाही, अर्थिंग नाही, वायरमनला बोलवा, जुन्या घरात हे सर्रास असतं.

साफसफाई कपाशीच्या सीझनवर ठरवा. जिनिंगच्या आसपास किंवा शेताकडेला घर असेल तर दिवाळीनंतर फिल्टरवर धुळीसोबत कापसाचं बारीक तूस चिकटतं, वरून दिसत नाही पण हवा अर्धी होते. फिल्टर पंधरा दिवसांनी काढून झटका, धुतला तर पूर्ण वाळवून लावा. आतली धूळ ब्लोअरनं उडवताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू दिलं तर बेअरिंगची वाट लागते. मार्चच्या शेवटी एकदा सगळं उघडून प्रोसेसर कूलरच्या पात्या बघून घ्या, थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलली तरी चालते.