डायोड-पंप याग लेसर: गळती कुठे आहे ते कसे शोधावे

८०८ नॅनोमीटरच्या लेसर डायोडने टोकाकडून पंप केलेला (म्हणजे त्याचा प्रकाश स्फटिकात सोडून ऊर्जा दिलेला) निओडिमियम-याग, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग (YAG) स्फटिकाचा लेसर कमी पॉवर देऊ लागला की आधी स्फटिकावर संशय घेतला जातो. बहुतेक वेळा दोष दुसरीकडेच सापडतो. पंपाचा ८०८ नॅनोमीटरचा फोटॉन लेसरच्या १०६४ नॅनोमीटरचा होताना २४% ऊर्जा उष्णतेत जाणारच, त्याला इलाज नाही. बाकीची गळती मात्र शोधता येते. दोन्ही किरण डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत, म्हणून दोन्ही तरंगलांबींसाठीचा चष्मा घातल्याशिवाय काहीही चालू करू नका.

सुरुवात डायोडच्या तापमानापासून करा. याग पंपाचा प्रकाश ज्या तरंगलांबींवर शोषतो तो शोषणपट्टा जेमतेम दोनेक नॅनोमीटर रुंद असतो आणि डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. आउटपुट आरसा (ज्यातून लेसर बाहेर येतो तो) काढा, स्फटिकामागे पॉवरमीटर ठेवा आणि तापमान एकेक अंशाने बदला. आरपार येणारा पंप जिथे सर्वांत कमी, ते तापमान धरा. हे काम नेहमीच्या करंटवरच करायचे: करंट वाढला की डायोडचा प्रकाश देणारा भाग (जंक्शन) तापतो आणि तरंगलांबी पुढे सरकते. पावसाळी हवेत दवबिंदूच्या खाली उतरू नका, डायोडवर पाणी धरते.

आता पोकळीतील, म्हणजे दोन आरशांमधल्या जागेतील, तोटा मोजू. वेगवेगळ्या परावर्तनाचे तीन आउटपुट आरसे घ्या, प्रत्येकाने लेसर नेमका किती पंपला सुरू होतो ते नोंदवा. आडव्या अक्षावर ही पंप पॉवर, उभ्यावर परावर्तनाच्या नैसर्गिक लॉगॅरिथमची ऋण किंमत मांडा. सरळ रेषा मागे वाढवली की ती उभ्या अक्षाला शून्याखाली जिथे छेदते, तेवढा एका फेरीचा तोटा. ५% पारगमनाच्या (५% प्रकाश बाहेर सोडणाऱ्या) आरशाला तोटा २% असेल तर निर्माण झालेल्या प्रकाशापैकी ७१% बाहेर येतो. १% असेल तर ८३%. एका टक्क्याचा एवढा फरक पडतो, म्हणून आरसे आणि स्फटिकाची तोंडे पुसण्यात कंजुषी नको.

स्फटिकातला पंपाचा ठिपका आणि लेसर मोड (तिथल्या लेसर किरणाचा ठिपका) सारख्याच आकाराचे ठेवून सुरुवात करा. पॉवर वाढली की उष्णतेने स्फटिक भिंगासारखा वागतो आणि कडेचा भाग किरण बिघडवतो. तेव्हा मोड पंपाच्या सुमारे ०.८ पट ठेवलेला बरा. स्फटिक ०.१ मिलिमीटर इंडियम पत्र्यात गुंडाळून तांब्याच्या ठोकळ्यात समान दाबाने बसवा. थर्मल पेस्ट वापरू नका, ती तोंडावर पसरून कोटिंग जाळते.

आउटपुट मोजताना मीटरपुढे ८०८ अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर न शोषलेला पंपही लेसरच्या खात्यात जमा होतो.