स्पोकची चाकं बसवण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला डिस्कच्या, म्हणजे साध्या पत्र्याच्या चाकांऐवजी स्पोकची चाकं लावायची असतील, तर चाकांचे पैसे देण्याआधी गाडीखाली शिरा आणि मागचा ॲक्सल मोजा. डिस्कचं चाक चार नटांवर बसतं. स्पोकचं चाक दातेरी हबवर सरकवून मधल्या एकाच मोठ्या नटानं आवळतात. हा हब बाहेर जागा खातो, म्हणून कारखान्यातूनच स्पोकवाल्या गाड्यांचा मागचा ॲक्सल आखूड येई. १९६७ नंतरच्या रोडस्टरमध्ये (उघड्या टपाच्या एमजीबीत) फरक सुमारे दीड इंचाचा. पुढे हब बदलले की भागतं, खरा खर्च मागेच. जुन्या हबच्याच बोल्टवर बसणारे दातेरी ॲडॅप्टर स्वस्त पडतात, पण त्यासाठी स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) कापावे लागतात आणि चाक बाहेर सरकून टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासू शकतो. माझं मत विचाराल तर आखूड ॲक्सल मिळेपर्यंत थांबावं.

जुने हब घेत असाल तर दातांवरून बोट फिरवा. माथा सपाट हवा. करवतीसारखं टोक आलं असेल तर हब परत करा, कितीही चकचकीत असला तरी. चाक बसवून, गाडी जॅकवर उचलून, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि चाक मागेपुढे हलवा. ‘टक्’ वाजलं की दात गेले. मग पेन्सिलीनं एकेक स्पोक वाजवा, साठ असोत की बहात्तर. सगळे खणखणीत वाजायला हवेत. एखादा बद्द वाजला तर तो ढिला. सायकलवाला आऊट काढतो तशी याचीही काढून घ्यावी लागते, फक्त बिल सायकलचं नसतं.

उजव्या बाजूच्या हबला उलटे आटे असतात, डावीकडे सुलटे. मी एकदा चारही हब एकाच टबात धुतले आणि अर्धी दुपार आटे चाचपण्यात घालवली. तेव्हापासून आधी खडूनं खूण करतो. बाजू चुकली तर नट चालत्या गाडीत सैल होत जातो. दातांना ग्रीस लावा. कानवाल्या नटाला तांब्याची हातोडी, अष्टकोनी असेल तर त्याचा पाना. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

टायरमध्ये ट्यूब हवी, आणि स्पोकच्या टोकांवर रिमची पट्टी, नाहीतर पंक्चर ठरलेलं.

आणि डिकीतलं पाचवं चाक! डिस्कचं स्टेपनी आता या हबवर चढणार नाही. पाचही चाकं घ्या, हातोडी तिथेच ठेवा. जुना ॲक्सल मात्र विकू नका, परत डिस्कवर यायचं झालं तर तोच लागेल.