ईव्हीला जादा लाइट लावताय? १२ व्होल्टची बॅटरी बसू नये म्हणून या चुका टाळा

गुरुवारी पहाटे साडेपाचला अक्कलकोटला निघायचं होतं. आई पूजेची पिशवी घेऊन फाटकात उभी, मी रिमोटचं बटण दाबतोय आणि गाडी ढिम्म. ना इंडिकेटरची उघडझाप, ना लॉकचा खट्ट आवाज. रात्री मोबाइलवर पाहिलं तेव्हा चार्ज ८४ टक्के होता. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "म्हणून मी डिझेल घेतली बघा."

ते ८४ टक्के खोटे नव्हते. मोठी बॅटरी भरलेलीच होती. बसली होती ती बॉनेटखालची छोटी, १२ व्होल्टची. आणि तिचा जीव मीच घेतला होता. दोन दिवसांपूर्वी हौसेनं बसवून घेतलेली पायाजवळची रंगीत पट्टी तिला भोवली.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या पॅनेलवर माझी बरीच वर्षं गेली. ४१५ व्होल्टशी रोजची गाठ, त्यामुळे १२ व्होल्ट म्हणजे पोरखेळ वाटायचा. तो समज त्या पहाटे उतरला. त्यानंतर मित्रांच्या, नातेवाइकांच्या चार-पाच गाड्या उघडून पाहिल्या. चुका सगळीकडे थोड्याफार त्याच निघाल्या.

कोठार भरलेलं, किल्ली हरवलेली

पेट्रोल गाडीत इंजिन फिरलं की अल्टरनेटर छोटी बॅटरी भरतो. ईव्हीत अल्टरनेटर नसतो. तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन १२ व्होल्टची बाजू सांभाळतो. पण तो चालतो गाडी 'रेडी' (सुरू करून चालायला तयार) असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, उघडतात आणि ती बाकीच्या गाडीपासून तुटते. मग लॉक, अलार्म, आतलं सिमकार्ड, सगळे छोटे कॉम्प्युटर यांचा भार एकट्या छोट्या बॅटरीवर. आणि ते कॉन्टॅक्टर पुन्हा जोडायलाही तिचेच १२ व्होल्ट लागतात. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही, आणि चार्जिंगची गन लावली तरी चार्जिंग सुरू होत नाही.

काही मॉडेल उभ्या उभ्या मधूनमधून छोटी बॅटरी आपोआप भरून घेतात. तुमची गाडी घेते का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

आणखी एक गंमत. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ ओढत नाही, आठवडाभर आधी कळतं. ईव्हीला सेल्फच नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं झकास, सकाळी एकदम अंधार.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा: गाडी चालू असताना लाइट कितीही वीज खाऊ दे, कन्व्हर्टर ती पुरवतो. बॅटरी बसते ती गाडी बंद असताना. त्यामुळे कुठला लाइट लावला यापेक्षा त्याची वायर कुठून घेतली हे जास्त महत्त्वाचं.

रेंज वाढेल म्हणून एलईडी

हे मला निम्म्या लोकांनी सांगितलंय. हिशेब करू. हॅलोजन हेडलाइट ५५ वॉटचे दोन, म्हणजे ११०. एलईडी समजा २०-२० चे, म्हणजे ४०. वाचले ७० वॉट. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, सगळा प्रवास रात्रीचा धरून पाच तास. वाचली ३५० वॉट-अवर. एका किलोमीटरला गाडी साधारण १४० वॉट-अवर खाते. म्हणजे पुण्यापर्यंत फायदा अडीच किलोमीटरचा. टायरमधली हवा नीट ठेवलीत तर याहून जास्त मिळेल.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब

जास्त उजेड हवासा वाटण्यात चूक नाही. कारखाने सुरू झाले की मोहोळकडे किंवा पंढरपूरकडे रात्री जाऊन बघा. उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, पन्नास फुटांवर आल्यावर दिसते. माणूस हादरतो आणि दुसऱ्या दिवशी लाइटच्या दुकानात जातो.

पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. त्यात एलईडी खोचला की उजेडाचा उगम सरकतो आणि झोत विस्कटतो. तुम्हाला बॉनेटपुढचं डांबर पांढरंफेक दिसतं, ट्रॉली तेवढीच उशिरा दिसते, आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरला रात्रभर चालत जाणारी माणसं आठवा. डिपरवर असूनही तुमचा झोत त्यांच्या तोंडावर असतो.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. त्यात वायरिंग हार्नेस (गाडीच्या वायरींचा मूळ जुडगा) कापलेला दिसला तर वॉरंटीच्या वेळी कंपनीशी वाद ठरलेला.

९०/१०० वॉटचा हॅलोजन हा आणखी वाईट मार्ग. १०० वॉट म्हणजे बल्बमागे आठ अँपिअरच्या वर. मूळ वायर आणि होल्डर ६०/५५ साठी असतात. होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो.

माझं मत विचाराल तर आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करा, दोन्ही बल्ब जोडीनं चांगल्या कंपनीचे आणि मूळ वॉटचेच टाका, आणि झोताची उंची तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली तर डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर झोत खाली-वर करणारं लेव्हलरचं चाक फिरवायला विसरू नका. ते चाक कशासाठी आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

एलईडी आणि रेझिस्टर

नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-दारं सांभाळणारा कॉम्प्युटर, बल्बवर लक्ष ठेवून असतं. एलईडी कमी करंट घेतो, त्यामुळे त्याला वाटतं बल्ब गेला. मग इंडिकेटर दुप्पट वेगानं फडफडतो, मीटरवर इशारा येतो, किंवा बंद दिवासुद्धा मंद लुकलुकतो, कारण मॉड्यूल बारीक झटके देऊन बल्ब तपासत असतं. दुकानदार यावर ६ ओहमचा रेझिस्टर लावून देतो, म्हणजे जादा करंट ओढला जातो आणि मॉड्यूलला बल्ब शाबूत वाटतो. १३.८ व्होल्टला त्यातून २.३ अँपिअर जातात आणि तीसेक वॉटची उष्णता निघते. म्हणजे एलईडीनं वाचवलेली वीज रेझिस्टरनं जाळली. शिवाय तो प्लॅस्टिकला टेकवून बांधलेला असेल तर आपल्या एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात, आधीच तापलेल्या बंपरमागे काय होईल ते सांगायला नको. रेझिस्टर लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूनं कसा.

खरी चूक: डायरेक्ट करंट

आता माझ्या पट्टीकडे येतो. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात.

मेकॅनिक दोन प्रकारचे प्लस ओळखतात: डायरेक्ट करंट आणि चावीवरचा करंट. डायरेक्ट म्हणजे गाडी बंद असली तरी जिवंत. दार उघडलं की पट्टी उजळावी, म्हणून ज्यानं ती लावली त्यानं प्लस डायरेक्ट घेतला आणि इशाऱ्याची वायर दाराच्या स्विचच्या वायरीला सोलून जोडली. वरून टेप मारली. दिसायला झकास.

घडलं असं. पट्टीचा रिमोटवाला डबा रात्रंदिवस सिग्नलची वाट बघत जागा, तो त्याचा करंट खातच होता. पण ते किरकोळ. त्याच्यातून थोडा करंट उलटा दाराच्या वायरीत शिरत होता आणि मॉड्यूलला दार अर्धवट उघडं असल्यासारखं वाटत होतं. त्यामुळे गाडी झोपतच नव्हती, म्हणजे तिचे कॉम्प्युटर शांत होतच नव्हते. मीटर लावला तेव्हा गळती ०.६२ अँपिअर होती. दिवसाला सुमारे १५ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. दोन रात्रींत खलास. पट्टीचा कपलर काढला, तासभर थांबलो, आकडा ०.०३ वर आला. झोपलेल्या गाडीत साधारण ०.०२ ते ०.०५ अँपिअर चालतात, तेवढं धरूनच बॅटरी दिलेली असते.

फॉग लॅम्पचंही असंच. रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरला म्हणून लोक निश्चिंत होतात. पण रिलेची कॉइल, म्हणजे ८५ आणि ८६ या पिना, डायरेक्ट करंटवर असेल आणि स्विच चुकून चालू राहिला, तर लॅम्पचा बल्ब गेलेला असला तरी कॉइल ०.१५ अँपिअर ओढत राहते. दिवसाला साडेतीन अँपिअर-अवरच्या वर. पाच दिवस लग्नाला गावी गेलात की निम्मी बॅटरी रिकामी. कॉइल चावीवरच्या करंटवर घ्या. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमार्गे प्लस, ८७ वरून लॅम्पकडे. फ्यूज बॅटरीजवळ हवा, लॅम्पजवळ नको, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजला पत्ताच लागणार नाही.

बारीक लाइटांसाठी फ्यूज बॉक्समध्ये खोचायचं 'अ‍ॅड-अ-फ्यूज' मिळतं. वायर सोलायची गरज नाही, नको झालं की काढून टाका. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंगचे फ्यूज मात्र वगळा.

अर्थिंग घेताना मायनस थेट बॅटरीच्या टर्मिनलला बांधू नका. काही गाड्यांत मायनसवर सेन्सर असतो, तो जाणारा-येणारा करंट मोजतो. त्याला वळसा घातला की गाडीचा बॅटरीबद्दलचा हिशेब चुकतो. मूळ अर्थिंगचा बोल्ट शोधा, बॉडीवर घ्या.

टेपबद्दल दोन शब्द: होटगी रोडला दुपारी उन्हात लावलेल्या गाडीत टेपचा डिंक पातळ होतो आणि पंधरा दिवसांत टेप लोंबते. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की वायरीवर घट्ट बसणारी नळी) घाला. फार पैसे पडत नाहीत.

आणि काम सुरू करण्याआधी गाडी बंद, किल्ली लांब, १२ व्होल्टचा मायनस आधी सोडायचा, जोडताना तो शेवटी. भगव्या रंगाच्या जाड केबल मोठ्या बॅटरीच्या असतात. त्यांच्या आसपास ड्रिल, स्क्रू, क्लिप, काही नाही. मी ४१५ व्होल्टवाला माणूस, मी हात लावत नाही.

लाइटांवर खापर, चोर दुसराच

कधी कधी लाइट निर्दोष असतात. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) कायम खोचून ठेवलेला डोंगल, जीपीएस ट्रॅकर हे सगळे रात्री जागे असतात. नाहीतर आपणच: 'रेडी' न करता नुसती अ‍ॅक्सेसरी चालू ठेवून गाडी धूत तासभर गाणी ऐकतो, चारही दारं उघडी, सगळे लाइट सुरू. बहुतेक गाड्यांत तेव्हा कन्व्हर्टर बंदच असतो.

बॅटरी मोठी टाकणं हाही उपाय नव्हे. गळकी टाकी मोठी घेतली तर रिकामी व्हायला दोन दिवस जास्त लागतील, एवढंच. काही ईव्हीत ही छोटी बॅटरी लिथियमची असते, तिथे दुकानदारानं पुढे केलेली कुठलीही बॅटरी चालत नाही.

गळती शोधायची कशी

आधी व्होल्ट बघा. गाडी रात्रभर उभी असताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे धोका. 'रेडी' केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. दिसत नसतील तर भानगड लाइटची नाही, सर्व्हिस सेंटर गाठा.

करंट मोजायला घरच्या वायरमनकडचा क्लॅम्प मीटर बहुतेकदा चालत नाही, तो फक्त एसी दाखवतो. डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. साधा मल्टिमीटर मध्ये जोडून मोजता येतं, पण त्याची मर्यादा १० अँपिअर असते आणि ईव्ही मध्येच जागी झाली, पंप सुरू झाला, तर मीटरचा फ्यूज उडतो. माझा एक उडाला.

बॉनेट उघडं ठेवा आणि त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करून घ्या, म्हणजे गाडीला ते मिटल्यासारखं वाटेल. दारं लॉक करा, किल्ली घरात ठेवा आणि तासभर गाडीला हात लावू नका. दर दहा मिनिटांनी बटण दाबून बघणाऱ्याला गळती कधीच सापडत नाही, कारण गाडी झोपतच नाही. आकडा स्थिर झाला की आधी नंतर लावलेल्या वस्तू एकेक करून काढा. मूळ गाडीवर संशय शेवटी घ्या. फ्यूज उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नसेल त्या फ्यूजमधून करंट जातोय.

तारेच्या बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र ईव्हीच्या सिग्नल वायरींवर टोचत फिरू नका. तो ओढतो तेवढा करंट द्यायला ते मॉड्यूल बनलेलं नसतं.

आणि पहाटे साडेपाचला बसलीच तर

रिमोटच्या पोटात लपलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडा, बॉनेटची दांडी ओढा. जंप स्टार्टर किंवा दुसऱ्या पेट्रोल गाडीची बॅटरी घ्या. प्लसला प्लस, मायनस बॉडीच्या उघड्या बोल्टला. इथे सेल्फ फिरवायचा नाही, नुसते कॉम्प्युटर उठवून कॉन्टॅक्टर जोडायचेत, त्यामुळे छोटा जंप स्टार्टरही पुरतो. ब्रेक दाबून 'रेडी' आलं की वायर काढा आणि गाडी तासभर तशीच 'रेडी' ठेवा किंवा चालवा. उलट आपल्या ईव्हीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायला बऱ्याच मॅन्युअलमध्ये मनाई आहे. काका मागायला आले तरी.

एकदा तळाला गेलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्वीसारखी राहत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर थकते. माझी त्यानंतर चार महिने चालली.

त्या गुरुवारी काकांच्या डिझेलवरूनच जंप घेतला. नऊ वाजता निघालो. पट्टी आता आईच्या देव्हाऱ्यात लावलीय, ५०० मिलिअँपिअरच्या अडॅप्टरवर.